पिशवीतली गाठ : ऑपरेशन मोजले जाते, आजार मोजायचा राहतो

वसई : ‘डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली’ हे वाक्य वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात पारोळ, भाताणे, मेढे, शिरवलीला ऐकू येते, तसेच आगाशी-अर्नाळ्याच्या किनाऱ्यालाही. ऐकणारा पुढे काही विचारत नाही. बाईच्या जातीला हे चालायचेच, असे म्हणून विषय संपतो. पण पिशवी नक्की कशासाठी काढायची, गाठ आहे की नुसता रक्तस्राव, गाठ असेल तर केवढी आणि कुठे, न काढता भागेल का, हे प्रश्न विचारले तर बऱ्याच वेळा उत्तर वेगळे निघू शकते. ते प्रश्न कोणते आणि या आजारावर गावाला बरोबर घेऊन संशोधन व्हायला का हवे, याची माहिती एका जागी मिळावी म्हणून हा लेख.

गाठ म्हणजे काय

गर्भाशय म्हणजे आपण जिला पिशवी म्हणतो ती. तिची भिंत स्नायूची असते. या स्नायूतच कधी कधी गाठी वाढतात, त्यांना डॉक्टर फायब्रॉईड म्हणतात. वाटाण्याएवढ्यापासून नारळाएवढी, काही वेळा त्याहूनही मोठी गाठ असू शकते. एकच असते किंवा पाच-दहाही असतात. बाईच्या अंगातल्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर ती पोसते. त्यामुळे पाळी चालू असते त्या वयात वाढते आणि पाळी कायमची थांबल्यावर बहुतेक वेळा आपोआप आक्रसते. पंचेचाळिशी उलटलेल्या बाईसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्रास सोसण्यासारखा असेल तर काही वर्षे औषधावर काढणे हाही उपचारच आहे.

सगळ्यात मोठी भीती कॅन्सरची. ‘आता काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले की घरातले मंगळसूत्र गहाण पडते. फायब्रॉईड ही कॅन्सरची गाठ नाही. तिच्या आड कॅन्सर निघणे इतके दुर्मिळ आहे की शंभरात एकही बाई त्यात येत नाही. मात्र पाळी कायमची बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, किंवा त्या वयात गाठ भराभर वाढू लागली, तर एक दिवसही न दवडता तपासणी करावी. तो प्रश्न वेगळा आहे.

गाठ कुठे आहे यावर त्रास ठरतो. पिशवीच्या आतल्या अस्तराला लागून असलेली गाठ बोराएवढी असली तरी रक्त थांबू देत नाही. तीच गाठ बाहेरच्या अंगाला असेल तर लिंबाएवढी होऊनही पत्ता लागत नाही, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते. अशा गाठीला काही करावे लागत नाही, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा बघितले तरी पुरते. रिपोर्टमध्ये गाठ लिहिली आहे म्हणजे ऑपरेशन ठरले, असा अर्थ कोणी काढू नये.

किती रक्त म्हणजे जास्त

हे कोणी सांगत नाही म्हणून बायका सोसत राहतात. आईला असेच जायचे, मोठ्या बहिणीलाही असेच, म्हणून तेच बरोबर वाटते. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालणे, तासा-दोन तासाला घडी किंवा पॅड बदलावे लागणे, रात्री त्यासाठी उठावे लागणे, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गुठळ्या पडणे, यातले एकही असेल तर ते जास्त आहे. ओटीपोटात जडपणा, सारखी लघवीला जावे लागणे, शौचाला कुंथावे लागणे, कंबर धरणे, दिवस न राहणे किंवा राहिलेले दिवस पडणे, हीसुद्धा गाठीची लक्षणे असू शकतात.

पहाटेच्या लोकलने भाजी किंवा मासळी घेऊन दादरकडे जाणारी बाई आणि लावणीत दिवसभर वाकून चिखलात उभी असलेली बाई, या दोघींची अडचण सारखीच. घडी बदलायला जागा नाही. म्हणून अशा दिवसांत पाणीच पीत नाहीत. त्रास कमी होत नाही, वर लघवीची जळजळ सुरू होते.

रक्त गेले की अंगातले लोह जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. बाळंतपण नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले की रक्त कमी धरतात. सात-आठवर आलेली बाईही कामाला जात असते, फक्त चढावर दम लागतो, छातीत धडधडते, पाय ओढत नाहीत. घरचे म्हणतात आळशी झाली. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, चहा लोह अंगाला लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. आदिवासी पाड्यांवर सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी, कारण तिथे रक्त कमी असण्याचे मूळ वेगळे असू शकते आणि दोन्ही गोष्टी एकाच बाईला असू शकतात.

गाठ एकच, उपचार पत्त्यावर

आता खरा मुद्दा. एकाच मापाची, एकाच जागची गाठ असलेल्या दोन बायका घ्या. एक विरार स्टेशनजवळ राहते, दुसरी उसगावच्या पुढे पाड्यावर. पहिलीला पर्याय बरेच आहेत. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, त्या पाळीच्या दिवसांतच घ्यायच्या असतात आणि डॉक्टरांना विचारूनच, कारण रक्ताची गुठळी होण्याचा आजार असेल तर चालत नाहीत. संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. पिशवीत बसवायचे हार्मोनचे साधन आहे, दिसायला तांबीसारखे, पण काम उलटे. साध्या तांबीने रक्त वाढू शकते, याने कमी होते आणि पाच वर्षे तरी बघावे लागत नाही. गाठ आतल्या अंगाला असेल तर खालून दुर्बीण घालून, पोट न कापता तेवढी गाठ काढता येते. मोठी असेल तर पोटावरून दुर्बिणीने किंवा टाके घालून नुसती गाठ काढून पिशवी ठेवता येते, जिला मूल हवे आहे तिच्यासाठी हे. गाठ पुन्हा होऊ शकते, हेही तिला आधी सांगितले पाहिजे. गाठीला रक्त पुरवणारी नस मांडीच्या किंवा हाताच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन बंद करण्याची पद्धतही आहे. पॅरिसच्या डॉक्टरांनी ती १९९५ साली पहिल्यांदा ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात हे होते.

दुसरीला काय मिळते? बहुधा एकच, पिशवी काढणे. डॉक्टर वाईट असतात म्हणून नव्हे. जवळ दुर्बीण नसते, हार्मोनचे साधन महाग पडते, औषधावर ठेवायचे तर दर तीन महिन्यांनी दाखवायला यावे लागते आणि प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते. परळला जायचे तर आधी विरारपर्यंत एसटी किंवा रिक्षा, मग लोकलने प्रभादेवी, मग केसपेपरची रांग. तारीख पुढची मिळाली की पुन्हा तेवढाच फेरा. नवरा म्हणतो, एकदाच काय ते उरकून टाक. एका परीने त्याचेही चुकत नाही.

पण ‘उरकण्या’चीही किंमत आहे. पिशवी काढताना अंडाशयेही काढली तर पाळी थांबण्याची सगळी लक्षणे एकदम येतात. अंगातून वाफा निघणे, झोप जाणे, हाडे ठिसूळ होणे, आणि कमी वयात काढली तर हृदयाचा धोका वाढणे. पस्तिशीतल्या मजूर बाईची हाडे लवकर गेली तर पुढची वीस वर्षे भारा कोण उचलणार, हा हिशोब ऑपरेशनच्या बिलात धरलेला नसतो. ज्या बाईला खरोखर गरज आहे, औषधे करून झाली, रक्त भरावे लागते आहे, गाठींनी पोट व्यापले आहे, तिच्यासाठी पिशवी काढणे हा चांगला आणि कायमचा उपचार आहे. तो घेताना तिने लाजू नये. तक्रार आहे ती पहिलाच उपाय म्हणून काढण्याबद्दल.

बीडने काय दाखवले

हे कुठवर जाऊ शकते ते २०१९ साली बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याच्या बातम्या आल्या. विधान परिषदेत प्रश्न आला, तेव्हा सरकारने सांगितले की जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ अशी ऑपरेशने झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायकांत एक. देशाचा आकडा १५ ते ४९ वयात शंभरात तीनच्या थोडा वर आहे. वयोगटाचा फरक धरला तरी ही तफावत कोणाच्याही डोळ्यांत भरेल. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना असे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले.

तिथली मूळ गोष्ट पालघरला नवी नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा झाला की दंड बसतो. पाळीत चार दिवस बसून राहणे परवडत नाही. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याहून वसई, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येणाऱ्या कुटुंबांची उचलही अशीच असते आणि पाऊस लागेपर्यंत ती फेडायची असते.

पुढे सर्वोच्च न्यायालयातही हा विषय गेला. राजस्थानचे डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये याचिका केली होती, राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या गरज नसताना झालेल्या ऑपरेशनांबद्दल. ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल लागला. केंद्राने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश झाला. त्या सूचनांत राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर देखरेख समित्या ठरवल्या आहेत. आपल्या जिल्ह्याच्या समितीने काय पाहिले, हे ग्रामसभेतून किंवा माहिती अधिकारातून विचारता येते. विचारणारे फार थोडे.

मोजायचे कसे

इथे एक अडचण लक्षात घ्यावी लागते. कुटुंब आरोग्य पाहणीवाले दारात येतात तेव्हा बोट टोचून रक्त तपासतात आणि पिशवी काढली आहे का, हे विचारतात. सोनोग्राफी करत नाहीत. म्हणजे ऑपरेशन मोजले जाते, गाठ मोजली जात नाही. जी बाई कधी दवाखान्यात गेलीच नाही, घरीच घडी बदलत राहिली, ती कोणत्याच कागदावर नाही.

ती कागदावर आणण्याचे पहिले मोठे काम महाराष्ट्रातच झाले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार होता आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. त्या आजारांत गाठींपेक्षा जंतुसंसर्ग जास्त होता, तो भाग वेगळा. पण दवाखान्यात येणारीला मोजण्याऐवजी सगळ्या गावाला मोजले, म्हणून हा आकडा निघाला. खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढेच, ही समजूत त्याने मोडली.

गाठींच्या बाबतीत असेच काम अमेरिकेत झाले. तिथे काळ्या बायकांना गाठी लवकर होतात, मोठ्या होतात आणि त्रास जास्त होतो, हे डॉक्टरांना माहीत होते, पण आधीचे बहुतेक आकडे ऑपरेशन झालेल्यांचे. मग २००३ मध्ये सरसकट सोनोग्राफी करून मोजले, तेव्हा कळले की पन्नाशीपर्यंत ८० टक्क्यांहून जास्त काळ्या आणि ७० टक्क्यांच्या आसपास गोऱ्या बायकांना गाठी होतात. बहुतेकींना त्याचा पत्ताही नसतो. पुढे २०१० पासून डेट्रॉईट शहरात २३ ते ३५ वयाच्या सुमारे १,७०० काळ्या तरुणी निवडल्या, ज्यांना गाठ असल्याचे आधी कधी सांगितलेले नव्हते, आणि ठरावीक काळाने त्यांची पुन्हा पुन्हा सोनोग्राफी केली. गाठ नसताना सुरुवात केल्याशिवाय ती कशाने होते हे कळणार कसे, हा त्यामागचा विचार.

दुसऱ्या एका कामात वेगवेगळ्या राज्यांतली रुग्णालये एकत्र आली, समन्वय ड्यूक विद्यापीठाकडे. नाव कंपेअर-यूएफ. कोणत्या बाईने कोणता उपचार घेतला आणि वर्षभराने तिची स्थिती कशी आहे, हे सगळ्यांनी एकाच नमुन्यात लिहायचे. नुसती गाठ काढलेल्या आणि पिशवी काढलेल्या, दोन्हीकडच्या बायकांना वर्षानंतर आराम पडलेला दिसला. म्हणजे पिशवी ठेवूनही बरे वाटू शकते, हे तोंडी न राहता कागदावर आले.

शेतकऱ्याला ही पद्धत समजावून सांगायची गरज नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातली नवी जात एकट्या कर्जतला चांगली पिकली म्हणून कोणी शिफारस करत नाही. तीच जात, तेच अंतर, तेच खत, आणि रान मात्र वेगवेगळे, असे अनेक ठिकाणी लावून बघतात. एकाने गुंठ्यावर मोजले आणि दुसऱ्याने भाऱ्यावर, तर ताळा लागणार नाही. गाठींच्या संशोधनात नेमके हेच होते. एक सोनोग्राफीवाला लिहितो ‘गाठ आहे’, दुसरा सेंटिमीटर लिहितो, तिसरा जागाही लिहितो. यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने, फिगोने, गाठीच्या जागेनुसार ० ते ८ असे क्रमांक ठरवून दिले आहेत. सगळ्यांनी ते वापरले तरच जव्हारचा आकडा परळच्या शेजारी ठेवता येतो.

पालघरला यासाठी पाया आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र चालते. एका टोकाला डहाणू आणि जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय, दुसऱ्या टोकाला वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय, पुढे लोकलच्या शेवटी मुंबईची मोठी रुग्णालये. एकाच जिल्ह्यात महापालिका, सागरी किनारा, बागायत आणि डोंगरपाडे. आरोग्यातला फरक अभ्यासायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. या सगळ्यांना एका नमुन्यात बांधणारे गाठींवरचे काम इथे उभे राहावे, अशी मागणी लोकप्रतिनिधींकडे करायला काहीच हरकत नाही.

त्यातल्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. गर्भलिंग निदान बंदी कायद्यामुळे सोनोग्राफीचे मशीन नोंदलेल्या जागेबाहेर मनाला येईल तसे नेता येत नाही, आणि हा कायदा सैल करावा असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे बाईला मशीनपर्यंत आणावे लागेल, भाडे आणि बुडालेली मजुरी देऊन. वीटभट्टीवरची बाई पावसाळ्यात गावी जाते, तिची दुसरी तपासणी कुठे करायची हे आधीच ठरवावे लागेल. प्रश्न वारली, कातकरी, वाडवळी, कुपारी बोलणाऱ्या बायकांना समजतील असे विचारावे लागतील, आणि पाळीबद्दल विचारायला पुरुष पाठवून चालणार नाही. आशाताईंवर आणखी एक वही लादायची तर त्या वहीचे पैसेही द्यावे लागतील.

कोणी संशोधनासाठी आले तर

सही करण्याआधी विचारा. संमतीपत्र मराठीत आहे का? वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला आपल्या ओळखीचे माणूस हजर ठेवा. नैतिकता समितीची मंजुरी आहे का? नव्या औषधाची चाचणी असेल तर ती सरकारच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत असली पाहिजे, २००९ पासून ते सक्तीचे आहे. तपासणीचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. रिपोर्ट तुम्हाला मिळाला पाहिजे. मधूनच बाहेर पडता येते, आणि बाहेर पडलात म्हणून नेहमीचे उपचार कोणी थांबवू शकत नाही. नवऱ्याची किंवा सरपंचाची सही बाईच्या सहीच्या जागी चालत नाही.

ऑपरेशन सांगितले तर

गाठ किती सेंटिमीटरची, कोणत्या जागी, किती आहेत, हे रिपोर्टवर दाखवून घ्या. औषधावर राहता येईल का, किती दिवस? नुसती गाठ काढता येईल का? अंडाशये ठेवणार का? हिमोग्लोबिन किती आहे? रक्तस्राव एकाएकी वाढून चक्कर येत नसेल तर हे ऑपरेशन त्याच आठवड्यात करावे लागत नाही, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला वेळ असतो. ‘उद्याच दाखल व्हा’ म्हटले तर कारण विचारायचा हक्क आहे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या रुग्णालयांना तो निर्णय आपोआप लागू होत नाही, तिथे केसपेपरच्या खिडकीवर दर विचारून घ्यावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, पण कोणते ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसते हे आधी आरोग्यमित्राला विचारावे किंवा १५५३८८ वर फोन करावा. आरोग्याचा सल्ला किंवा तक्रार १०४ वर करता येते.

सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्ताचा कागद आणि केसपेपर एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. भट्टीवर जाताना ती पिशवी बरोबर न्यावी. दुसऱ्या डॉक्टरांना मागची गाठ केवढी होती हे कळले नाही, तर ती वाढली की तेवढीच आहे, हे त्यांनाही सांगता येत नाही.